जायबंदी चढाईपटू : कोकणातल्या मातीपासून मॅटपर्यंत

कबड्डीत संघाचा मुख्य चढाईपटू जायबंदी झाला की दोन प्रश्न उभे राहतात. तो परत कधी उतरणार, हा पहिला. आणि त्याच्यावाचून संघ एवढा का कोलमडला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्यावर प्रेक्षक वर्षानुवर्षे भांडतात. रत्नागिरीच्या किनारपट्टीला, म्हणजे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे या पट्ट्यातल्या गावांना हा वाद नवा नाही. टीव्हीवरच्या लीगने त्याला रुपयांचे आकडे जोडले, इतकेच.

या भागात कबड्डीचा हंगाम शेतीने ठरवला. चार महिने धुवाधार पाऊस, त्यात भाताची लावणी. तेव्हा मोकळ्या मैदानात खेळणे शक्यच नसे. कापणी आणि झोडणी उरकली की रिकामे मळे, देवळापुढची मोकळी जागा, शाळेचे पटांगण असे जे सपाट मिळेल तिथे चुन्याच्या रेषा पडत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सामने चालत. गणपतीपुळ्यासारख्या गावाला पुळणही हाताशी होती. वाळूत पाय रुततो, दम लवकर लागतो, पण पडले तरी हाड शाबूत राहते, म्हणून सरावाला वाळू बरी. सामना मात्र मातीवरच व्हायचा. कोकणची तांबडी, खड्याची माती ओली करून, ठोकून घेतली तरी गुडघे आणि कोपरे सोलून काढीच. अशा जखमांना कोणी दुखापत म्हणत नसे. हळद किंवा तेल लावून खेळाडू पुन्हा उतरे. गुडघा फिरला, खांदा निखळला, तरच गाडी हाडवैद्याकडे वळे.

आज कबड्डी म्हणून जो खेळ ओळखला जातो, तो महाराष्ट्रात हुतुतू या नावाने गावोगाव खेळला जाई आणि त्याचे नियम गावागणिक वेगळे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात साताऱ्यात आणि बडोद्यात ते एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवली. 1934 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना पक्के रूप दिले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. अखिल भारतीय महासंघ 1950 मध्ये स्थापन झाला आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 मध्ये मद्रासला झाली. कोकणात आणि मुंबईत संघटना बांधण्याच्या कामात शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव सर्वांत पुढे येते. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

जायबंदी खेळाडूवरचा वाद समजायचा तर जुन्या तीन प्रकारांकडे पाहावे लागते. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, फक्त प्रतिस्पर्ध्याला गुण मिळे. अशा खेळात एका माणसाच्या असण्या-नसण्याने डाव एकदम उलटत नाही. गामिनीचे गणित अगदी उलटे. तिथे बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. म्हणजे शेवटी उरलेल्या एखाद्या पट्टीच्या खेळाडूवर सारा डाव टेकलेला असे आणि तो लंगडू लागला की लोण, म्हणजे सारा संघ बाद होणे, ठरलेलाच. संजीवनीने मधला मार्ग काढला. आपल्या संघाने एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी परत येतो. आजची कबड्डी मुळात संजीवनीच आहे.

संजीवनीतले डावपेच या नियमातूनच निघतात. समोरच्या संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू पकडायचा आणि त्याला होता होईल तेवढा वेळ बाहेर बसवायचा, हा प्रत्येक प्रशिक्षकाचा पहिला बेत असतो. तो बाहेर असताना दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने एखादा गुण आणला किंवा कोपरारक्षकाने एक पकड साधली, की तो परत आत. दुखापत म्हणजे हीच बाहेर बसण्याची अवस्था, फक्त संजीवनीचा उपाय न चालणारी. ज्या संघाला आपला मुख्य चढाईपटू पाच मिनिटे बाहेर असताना निभावून नेता येत नाही, त्याला तो तीन महिने बाहेर असताना येणार नाही, हे उघड आहे. एवढी साधी गोष्ट वादाच्या भरात नेहमी मागे पडते.

दुखापतीचे भय नियमांत पहिल्यापासून आहे. चढाईपटूचे तोंड दाबून दम तोडणे, पायांची कैची घालणे, इजा होईल अशा धसमुसळेपणाने पकडणे यांना बंदी आहे. नखे कापलेली हवीत, अंगाला तेल नको, अंगठी-कडे नको. ही कलमे कोणी कागदावर बसून सुचवलेली दिसत नाहीत. मातीवर जे घडले त्याचेच ते टिपण आहे. संघात बारा खेळाडू, त्यांतले सात मैदानात आणि बाकीचे राखीव, ही व्यवस्थाही त्याच अनुभवातून आली. गावच्या संघाकडे मात्र बारा जण जमवणे हेच मोठे काम असे. सात खेळणारे आणि शर्ट चढवून बसलेले दोघे-तिघे हौशी, असा बहुतेक मंडळांचा मामला.

त्यामुळे गावच्या स्पर्धेत चांगला चढाईपटू मुंबईहून येणारा असे. रत्नागिरीतली घरटी माणसे गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत मुंबईला होती आणि लालबाग, परळ, प्रभादेवी, डिलाईल रोड या भागांत कबड्डीची मंडळे उभी होती. चाकरमानी पोरगा तिथे खेळात तयार होई आणि शिमग्याला गावी आला की गावच्या मंडळाकडून उतरे. ग्रामदेवतेच्या नावाच्या मंडळाचा मान त्याच्या दोन पायांवर असे. तो पडला तर पालखीच्या दिवसांत चर्चा एकच: थकलेल्या पोराला लागोपाठ सामने खेळवायची काय गरज होती? पंचाने कैची दिली का नाही? आणि हा नसताना गावातली पोरे वर्षभर करतात तरी काय?

मुंबईत या वादाला पोटापाण्याची बाजू होती. रेल्वे, बँका, विमान कंपनी, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने यांनी कबड्डीचे संघ बाळगले आणि चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. खेळाडूचा गुडघा हीच त्याची पात्रता. कायम झाल्यावर दुखापत झाली तर निदान पगार चालू राही. त्याआधी झाली तर नोकरीही गेली आणि खेळही. दुखापत लपवून खेळण्याची खोड या काळात मुरली. तिला शौर्य म्हणणारे प्रेक्षक पुष्कळ होते, अजूनही आहेत. खरे तर ती नाइलाजाची गोष्ट होती. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, गिरणगावची वस्ती पांगली आणि मैदानांवर इमारती आल्या. मंडळे टिकली, पण त्यांना खेळाडू पुरवणारी गर्दी ओसरली.

दुसरा बदल पायाखाली झाला. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला आणि पुढे आंतरराष्ट्रीय सामने सभागृहात, कृत्रिम मॅटवर होऊ लागले. अनवाणी खेळणाऱ्यांच्या पायांत बूट आले. मातीवर पाय घसरतो, कातडे जाते. मॅटवर बूट घट्ट रोवला जातो आणि वरचे शरीर फिरले की त्याचा पीळ गुडघ्याला बसतो. चढाईपटू निदान रेषेपलीकडून उलटा फिरून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा घोटा एकाच्या हातात, मांडी दुसऱ्याच्या मिठीत आणि धड तिसऱ्याच दिशेला असते. सोललेल्या कोपरांची जागा फाटलेल्या अस्थिबंधांनी घेतली. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली तर परतायला सहा ते नऊ महिने, कधी जास्तही लागतात. लीगचा मोसम तीनेक महिन्यांत आटोपतो. म्हणजे अशी दुखापत झाली की मोसम गेला.

प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 रोजी मुंबईत सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला 12.80 लाख रुपये मिळाले होते. 2022 मध्ये पवन सेहरावतसाठी तमिळ थलैवाजने 2.26 कोटी मोजले. कोकणातला प्रेक्षक बहुतेक यू मुंबाचा, कारण मुंबई हे त्याचे दुसरे घर; 2015 मध्ये हा संघ विजेताही झाला. पण जिल्ह्यातला कोणी दुसऱ्या संघात असला की निष्ठा सैल होते. चिपळूण तालुक्यातला कोपरारक्षक शुभम शिंदे पाटणा पायरेट्सकडून खेळू लागला, तेव्हा इकडे पाटण्याचेही पाठीराखे निघाले.

राष्ट्रीय पातळीवर हा वाद सर्वांत कडवट झाला तो 2018 मध्ये. 1990 पासून पुरुषांचे प्रत्येक आशियाई सुवर्ण भारताचे होते. जकार्ताच्या आशियाई खेळांत उपांत्य सामन्यात इराणने भारताला 27-18 असे हरवले. त्या सामन्यात कर्णधार अजय ठाकूर जखमी झाला होता आणि ‘अजय असता तर’ हे वाक्य पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिले. मात्र ते फारसे टिकत नाही. त्याच स्पर्धेच्या गटसाखळीत दक्षिण कोरियाने भारताला एका गुणाने, 24-23 असे हरवले होते, तेव्हा कर्णधार धडधाकट होता. इराणचा बचाव सरस होता, हेच खरे कारण. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

लीगमधले पुढचे मोसम एकमेकांशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. 2021-22 मध्ये चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई हा तेलुगू टायटन्सचा हुकमी चढाईपटू होता. मोसमाच्या सुरुवातीलाच तो दुखापतीने बाहेर गेला आणि टायटन्सने 22 सामन्यांत एकच विजय मिळवला. 2022 मध्ये पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात, गुजरात जायंट्सविरुद्ध पकडीसाठी झेपावताना गुडघा दुखावून बसला. सव्वादोन कोटींच्या घरातल्या चढाईपटूने पकडीला जावेच का, यावर रान उठले. थलैवाज मात्र बुडाले नाहीत. नरेंदर कंडोला हा तरुण आणि महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांनी चढाया वाटून घेतल्या, आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या मोसमात पवन टायटन्सकडे आला, तोही 2.60 कोटींवर. तो खेळला, गुण मिळवले, तरी टायटन्सने 22 पैकी दोनच सामने जिंकले. त्यानंतरच्या मोसमात त्याला पुन्हा दुखापत झाली, विजय मलिकने धुरा घेतली, आणि टायटन्सची कामगिरी आधीपेक्षा कितीतरी सुधारली.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त शब्द खर्च झाले ते पुणेरी पलटणच्या गुडघ्यावर. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, चढाई आणि पकड दोन्हींत तयार. त्याच वर्षी अकराव्या मोसमात त्याचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या मोसमाला मुकला. गतविजेता संघ आठव्या स्थानावर राहिला आणि बाद फेरीतही पोहोचला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की कर्णधारच गेल्यावर दुसरे काय होणार. दुसरी बाजू लिलावाकडे बोट दाखवी. आधीच्या मोसमातला सर्वोत्तम बचावपटू, इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, पलटणकडे राहिला नव्हता. हरियाणाने त्याला 2.07 कोटींना घेतले आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्याच्याच बालेवाडीत, पाटण्याला 32-23 असे हरवून करंडक उचलला. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. चढाईला आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत अशी फळी होती. चढाईपटूला परत आत आणणारी पकड कमी पडली, आणि संजीवनीच्या खेळात तिची भरपाई केवळ चढाईने होत नाही.

बाराव्या मोसमात अस्लम कर्णधार म्हणून परतला. प्रशिक्षक म्हणून आला तो अजय ठाकूर. पलटणने अंतिम फेरी गाठली आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून 31-28 असा पराभव पत्करला.