गीत: पारंपरिक

लोकगीतांच्या जुन्या कॅसेटचं कव्हर कधी नीट वाचलंयत? गायकाचं नाव ठळक असतं. गीतकाराच्या जागी मात्र बऱ्याचदा एकच शब्द: 'पारंपरिक'. म्हणजे नक्की कोणाचं? सगळ्यांचं, की कोणाचंच नाही?

शाहीर साबळ्यांचं उदाहरण घेऊ. कृष्णराव साबळे, जन्म १९२३, वाईजवळचं पसरणी. बहुतेकांना ते 'जय जय महाराष्ट्र माझा'मुळे माहीत (२०२३ पासून ते राज्यगीत आहे). पण त्या गीताचे शब्द राजा बढ्यांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची. शाहिरांचं स्वतःचं मोठं काम म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. १९८०च्या दशकात, साठीच्या आसपास असताना, त्यांनी वासुदेव, गोंधळ, भारूड, कोळीगीतं असं सगळं एका रंगमंचावर आणलं.

आता गोंधळ हा मूळचा रात्रभर चालणारा विधी. वासुदेव पहाटे दारात येणारा. रंगमंचावर दोघांच्याही वाट्याला काही मिनिटंच येणार. मग काय ठेवायचं, काय गाळायचं, हे कोणीतरी ठरवतंच. काहींच्या मते हे बाटवणं झालं.

मला तसं वाटत नाही. 'विंचू चावला' बघा. शाहिरांच्या खड्या आवाजामुळे ते घराघरात पोचलं, पण ते भारूड एकनाथांचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं. आणि नाथांनी तरी काय केलं? वासुदेव, जोशी, गोंधळी ही रस्त्यावरची सोंगं उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. म्हणजे आपण ज्याला 'मूळ' म्हणतो, तीच मुळात पुढची आवृत्ती! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हे सगळं ओपन सोर्स.

पण ओपन सोर्सचाही एक नियम असतो. बदल हवे तेवढे करा, आधीच्यांची नावं पुसू नका. बॉब डिलनने १९९२ आणि १९९३ साली लागोपाठ दोन अल्बम केले. दोन्हींत जुनी गाणी, सोबत फक्त गिटार आणि माउथ ऑर्गन. पहिल्यावर 'पारंपरिक, मांडणी डिलन' एवढंच छापलं. काही मांडण्या दुसऱ्याच लोकगायकांच्या होत्या, त्यामुळे टीका झाली. दुसऱ्या अल्बमसोबत, 'वर्ल्ड गॉन राँग'सोबत, त्याने स्वतः टिपण लिहून मिसिसिपी शीक्स, ब्लाइंड विली मॅकटेल अशा जुन्या मंडळींचं देणं मान्य केलं. गाणी त्यामुळे लहान झाली नाहीत, उलट ऐकणारे मूळ रेकॉर्डी शोधत गेले.

हे शिकायला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. आमच्या कुणकेश्वरच्या बाजूला डबलबारी भजनाचे बॅनर लागतात. त्यावर बुवांच्या नावाखाली 'अमुक बुवांचे शिष्य' असं छापलेलं असतं. पखवाजवाल्याचंही नाव असतं. अभंग चारशे वर्षं जुना, चाल कदाचित कालची, पण कोण कोणाकडून शिकलं हे लपवलेलं नसतं.

शाहीर २० मार्च २०१५ रोजी गेले. त्यांच्यासारखे कलावंत आपलं नाव मागे ठेवून जातात. जात्यावर ओवी जुळवणारी बाई मात्र 'पारंपरिक' होऊन जाते. तिच्यापुढच्या बाईने तीच ओवी उचलली तर पहिलीचं नाव तिथेच संपतं.

असो. घरातलं कोणी जुनं गाणं म्हणत असेल आणि तुम्ही ते मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल, तर एवढंच करा. फाइलच्या नावात म्हणणारीचं नाव, गाव आणि ती कोणाकडून शिकली ते टाका. दहा सेकंदांचं काम आहे.