नवऱ्याची सिगारेट, बायकोचे फुप्फुस

सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो, हे १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले. पण त्याच घरात राहणाऱ्या, स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसाचे काय? या प्रश्नाचा छडा लावायला सोयीची जागा ठरली जपान.

१९६६ साली जपानमधील सुमारे ८४ टक्के प्रौढ पुरुष धूम्रपान करीत. स्त्रियांमध्ये मात्र हे प्रमाण खूपच कमी होते. म्हणजे नवरा ओढणारा आणि बायको न ओढणारी, अशी लाखो घरे तेथे होती. समाजाने आपण होऊन प्रयोगच मांडून ठेवला होता!

टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकेशी हिरायामा यांनी हे हेरले. त्यांनी चाळिशीपुढील, धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १९६६ ते १९७९ अशी १४ वर्षे नोंद ठेवली. त्यांपैकी १७४ जणी फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावल्या. नवरा धूम्रपान करीत नसेल तर बायकोचा धोका १ धरू. मग मध्यम ओढणाऱ्यांच्या बायकांचा धोका सुमारे १.६ आणि रोज २० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांच्या बायकांचा सुमारे २ भरला. धूर वाढला, तसा धोकाही वाढला.

पण कारण दुसरेच काही नसेल कशावरून? हिरायामांनी नवऱ्याचे मद्यपान तपासले. त्याचा बायकोच्या या रोगाशी संबंध दिसला नाही. जठराच्या कर्करोगाचे प्रमाणही नवऱ्याच्या सिगारेटीनुसार बदलले नाही. संशयाचे बोट धुराकडेच राहिले.

हा निबंध जानेवारी १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्याच वर्षी ग्रीसमधील त्रिकोपुलोस यांच्या पाहणीतूनही असाच निष्कर्ष निघाला. तंबाखू उद्योगाने हिरायामांच्या गणितात चूक असल्याचा गवगवा केला. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांची कागदपत्रे उघड झाली, तेव्हा उद्योगाच्याच काही सल्लागारांना त्यांचे म्हणणे खाजगीत पटले होते, असे आढळले. १९८६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने, आणि नंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही, दुसऱ्याच्या धुराने कर्करोग होतो यावर शिक्कामोर्तब केले.

घरातली वागणूक मात्र सावकाश बदलली. १९८० नंतरच्या दशकाअखेरीस जपानमध्ये 'होतारु-झोकु' म्हणजे 'काजव्यांची जमात' हा शब्द रूढ झाला. घरच्यांनी बाहेर काढल्यामुळे रात्री गच्चीत उभे राहून ओढणारे हे नवरे! अंधारात लुकलुकणारी त्यांची सिगारेट काजव्यासारखी दिसे. पण धूर वरच्या घरात जाई. २०१२ साली नागोयाच्या न्यायालयाने अशा एका माणसाला वरच्या मजल्यावरील शेजारणीस ५० हजार येन भरपाई द्यायला लावली.

जपानचा २०२० पासून पूर्णपणे लागू झालेला कायदा किंवा आपला २००३ चा कायदा, दोन्हींची बंदी सार्वजनिक जागांपुरती आहे. घराच्या उंबरठ्यापाशी ते थांबतात. म्हणून वरचे तीन आकडे, १, १.६ आणि २, आपण वर्गात फळ्यावर लिहावेत आणि त्यांवरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे मुलांनाच विचारावे. त्यांतल्या कित्येकांच्या घरी बिडी-सिगारेट पेटत असेल. वडिलांना "बाहेर जा" म्हणण्याचे धैर्य मुलांना आपण देऊ शकणार नाही कदाचित. पण त्यामागचे कारण नक्की देऊ शकतो.