मोकळी जमीन म्हणजे कोणती?

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींची गोष्ट बहुतेक जण 18 जानेवारी 1982 पासून सांगायला लागतात. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही आणि गिरणगाव उजाड झालं. पण संपाने फार तर गिरण्या का बंद पडल्या ते कळतं. त्यांच्या जागी मैदान व्हावं, कामगारांची घरं व्हावीत की टॉवर, हे संपाने ठरवलेलं नाही. ते ठरलं विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमात, आणि नेमकं सांगायचं तर ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थात. कोणत्या वस्तीत काय असावं यावर मुंबईत चर्चा होत नाही असं नाही, भरपूर होते. मात्र ती होते नकाशाच्या रंगांवर. व्याख्या वेगळ्या दालनात लिहिल्या जातात, आणि जमीन व्याख्येच्या मागे जाते.

ही सवय जुनी आहे. 1888 च्या कायद्याने मुंबई महापालिकेला बऱ्यापैकी अधिकार दिले, पण 1896 मध्ये प्लेग आला आणि दोनच वर्षांत शहराची फेरआखणी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या वेगळ्या मंडळाकडे गेली. त्यात महापालिकेने निवडलेले सदस्य होते, बहुमत मात्र त्यांचं नव्हतं. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही ट्रस्टची कामगिरी; आणि सुरुवातीच्या काळात जितकी माणसं हलवली तितक्यांना घरं दिली नाहीत, हेही ट्रस्टचंच. ट्रस्ट 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्याआधीच 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी स्वतंत्र विकास खातं काढलं होतं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून त्याने कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे 207 चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. खातं सरकारचं, जमीन शहरातली, भाडेकरू गिरणगावचे. स्वातंत्र्यानंतर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने महापालिकेला नियोजन प्राधिकरण म्हटलं खरं. ती आराखडा तयार करते, हरकती-सूचना मागवते, नियोजन समिती सुनावण्या घेते, सभागृहात भाषणं होतात. पण अंतिम मंजुरी राज्य सरकारची, आणि मंजुरी देताना फेरफार करायचा अधिकारही सरकारचाच. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि जमीनवापर हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले. ते प्रत्यक्षात पालिकेच्या हाती किती द्यायचे, हे मात्र राज्यांवरच सोडलं.

1991 चा नियम या चौकटीतूनच आला, आणि तो उदार होता. गिरणीची जमीन पुनर्विकासाला काढली तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करायचे: एक मैदान-उद्यानांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत हे प्रमाण अनुक्रमे 33, 27 आणि 40 टक्के होतं. जमीन मोठी असेल तसा म्हाडाचा वाटा वाढत आणि मालकाचा घटत जाई. 2001 मध्ये सरकारने नियम बदलला. टक्केवारीला हात लावला नाही, आणि यातच सगळी गंमत आहे. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल, जिच्यावर बांधकाम आहे ती वाटणीत धरायची नाही, एवढंच ठरलं. मग ते बांधकाम पुढे पाडलं तरी हरकत नाही. याचा अर्थ कळायला गिरणीची इमारत डोळ्यांसमोर आणावी लागते. सूतखाती मजल्यांवर चढवता येत, पण साचेखात्याचे माग जड आणि हादरे देणारे. म्हणून ते जमिनीलगत, एकमजली शेडमध्ये, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली मांडलेले असत. उत्तरेकडून येणारा उजेड सारखा पडावा यासाठी ते छप्पर. परिणामी गिरणीचं बहुतेक आवार छताखाली झाकलेलं. समजा, चार हेक्टरच्या गिरणीत तीन हेक्टरवर शेड आहेत. 1991 च्या हिशेबाने महापालिकेला 1.32 हेक्टर मिळाले असते. 2001 च्या हिशेबाने 0.33. कापड विणण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी घातलेल्या छपराने वस्तीचं मैदान गिळलं.

यावरचा मोठा आक्षेप असा, की 1991 चा नियम कागदावरच शोभत होता. दहा वर्षांत फार थोडे मालक पुढे आले. दोन-तृतीयांश जमीन सोडण्यापेक्षा गिरणी कुलूपबंद ठेवलेली त्यांना परवडत होती, आणि त्या कुलपामागे कामगारांची देणीही अडकली होती. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्या विकल्या तेव्हा एकट्या मुंबई टेक्सटाईल मिलचे 702 कोटी रुपये आले. जुन्या नियमात ही किंमत आली नसती. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातलं निदान मला मान्य आहे. पण उपाय तोच एक होता हे मान्य होत नाही. जमीन रिकामी ठेवणं मालकाला फुकट पडत होतं, हा खरा रोग. मग पडीक आवारावर आकार लावा, मुदत घाला, वाटा चाळीसचा पन्नास करा. हे सगळे आकड्यांचे सौदे आहेत. ते उघड्यावर मांडता येतात आणि त्यावर परळच्या नगरसेवकाला बोलता येतं. व्याख्येतला बदल तसा नसतो. तक्त्यात 33 च्या जागी 8 लिहिलं असतं तर लालबागेत मोर्चा निघाला असता. तक्ता तसाच राहिला आणि आकडा आतून पोखरला गेला.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 2001 चा नियम वैध ठरवला. वैध ठरला, हे निर्विवाद. मात्र न्यायालयाने तपासली ती नियमाची आणि तो करण्याच्या सरकारच्या अधिकाराची वैधता. तो अधिकार तिथेच असावा का, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. ‘महापालिकेच्या हाती असता तर काय निराळं झालं असतं? बांधकामाच्या फायली तिथेही हलतातच,’ असं कुणी म्हणेल, आणि म्हणणारा खोटा नसेल. नगरसेवक साधू असतात असा माझा दावा नाही. पण तो वॉर्डातच भेटतो, त्याचं मत इतिवृत्तात येतं. मंत्रालयातल्या अधिसूचनेला दार ठोठावण्याजोगा पत्ता नसतो. 2015 मध्ये शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा नकाशांसह लोकांपुढे आला तेव्हा हरकतींचा असा पाऊस पडला, की मुख्यमंत्र्यांना तो बाजूला सारून नव्याने करायला सांगावं लागलं. दिसलं की लोक बोलतात.

व्याख्येने आणखी एक केलं: प्रत्येक गिरणी ही वेगळी फाइल झाली. चार्ल्स कोरिया समितीने 1996 मध्ये महामंडळाच्या 25 गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला होता. परळ-एल्फिन्स्टनच्या स्थानकांबाहेर लोकांना वावरायला मोकळा चौक असावा, अशी कल्पना त्यात होती. ते बाजूला पडलं. एकेका आवारात कार्यालयं चढत गेली आणि त्यांत रोज येणारी माणसं मात्र गिरणीच्या काळातल्या अरुंद रस्त्यांवर आणि जिन्यांवर उतरत राहिली. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या रेल्वेपुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. पूल रेल्वेचा होता, दोष सगळा जमिनीच्या नियमावर टाकणं अन्याय होईल. पण त्या जिन्यावर इतकी माणसं रोज येणार, हा हिशेब कोणत्याच फाइलमध्ये नव्हता.

घरांचं म्हणाल तर म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांवर इमारती झाल्या, 2012 च्या गिरणी कामगारांसाठीच्या सोडतीत 6,925 घरं निघाली. अर्जदार लाखाहून अधिक. उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणीचं नाव घेतलं जातं, आणि कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. शेलू कर्जतच्या वाटेवर, रायगड जिल्ह्यात. तिथल्या घरांबद्दल मुंबई महापालिकेच्या सभागृहात ठराव मांडायचा म्हटला, तरी तो विषय तिच्या हद्दीतच येत नाही.