शेरामागे एक आणा

सोलापुरात मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. पाचवी-सहावीच्या मुलांना तोंडी हिशेबात एक उदाहरण हमखास घालायचे: मणाचे शेर ४०, अडीच रुपयांचे आणेही ४०, मणाला अडीच रुपये कर असेल, तर शेराला किती? उत्तर लगेच यायचं, एक आणा. मग मी सांगायचे, की हा कर मिठावर होता आणि तो १८८८ ते १९०३ अशी पंधरा वर्षं आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी भरला. या उदाहरणामागे जो माणूस होता, त्याच्याबद्दल सांगायला वर्गात कधी पुरेसा वेळ मिळाला नाही. ते आज सांगते.

अंदाजपत्रकावरच्या चर्चेत विरोधी पक्षनेता उठून अर्थमंत्र्यांना आकड्यांचा जाब विचारतो, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले तेव्हा देशात संसद नव्हती. व्हाइसरॉयचं कायदेमंडळ होतं आणि त्यात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती. पण मत देता येत नव्हतं आणि उत्तर अपुरं वाटलं तरी उपप्रश्न काढता येत नव्हता. म्हणजे बोलून जे होईल तेवढंच. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, समोर अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ. गोखल्यांचं वय पस्तीस, आणि त्या मंडळात अंदाजपत्रकावरचं हे त्यांचं पहिलंच भाषण.

त्या वर्षी तिजोरीत सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. सभागृहात अर्थसदस्यांचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की या अभिनंदनात मनापासून सामील होणं मला जमणार नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, मग प्लेग, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. माणसं आणि गुरं मरत असताना सरकारपाशी पैसा उरतो, तर तो येतो कुठून? त्यांचा सारा प्रश्न एवढाच होता.

उत्तर रुपयाच्या भावात होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पेन्शनी, व्याज, सामानसुमान यांसाठी सरकारला दरसाल विलायतेला पौंड धाडावे लागत. चांदी उतरत गेली तसा रुपयाही उतरला. १८९४-९५ मध्ये एका रुपयाला जेमतेम १३ पेन्स मिळत होते. पौंडाचे पेन्स २४०, तेव्हा एक पौंड धाडायला अठरा रुपयांहून अधिक पडत. ही तूट भरायची म्हणून कर वाढवले गेले. मिठावरचा दोन रुपयांचा अडीच झाला तो याच काळात. टांकसाळी १८९३ मध्येच लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या; त्या जोरावर पुढे रुपयाचा भाव १६ पेन्सांवर नेला गेला. आता एका पौंडाला पंधराच रुपये पुरू लागले. ज्या अडचणीसाठी कर चढवले ती अडचण सरली, पण कर तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. सरकारच्या काटकसरीने ती आली नव्हती आणि लोकांच्या भरभराटीने तर नव्हतीच.

शेतकऱ्याच्या अंगाने पाहिलं तर हे आणखी वाईट होतं. शेतसारा रुपयांत ठरलेला. रुपया महाग झाला म्हणजे तेवढाच सारा भरायला धान्य जास्त विकावं लागणार. आणि घरातली बचत काय, तर बायकांच्या अंगावरचे वाळे, गोठ, साखळ्या. पूर्वी चांदी टांकसाळीत नेली तर तिचे रुपये पाडून मिळत. टांकसाळ बंद झाल्यावर तीच चांदी सोनाराकडे नेऊन पडेल त्या भावाने मोडायची. दुष्काळात ती मोडलीच गेली. मला या भाषणातला हा भाग सगळ्यांत मोठा वाटतो, कारण चलनाचा निर्णय बाईच्या पायातल्या वाळ्यापर्यंत कसा पोचतो ते त्यात दिसतं.

गोखले आकड्यांना इतके का जपत, याचं एक कारण मला १८९७ मध्ये दिसतं. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. तिथे पुण्याच्या प्लेगमधल्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, ते वर्तमानपत्रात बोलले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. स्वकीयांनीही त्यांना बोल लावले. त्यानंतर सरकारविरुद्ध ते जे बोलले, ते सरकारच्याच कागदांतले आकडे हाती धरून.

आणि ते आकडे जुळवायला त्यांच्या पाठीशी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी, रावबहादूर, आमच्या सोलापुरात मुख्याध्यापक होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात जोशींनी शेतसारा, रेल्वे, लष्करी खर्च यांवर लांबलचक लेख लिहिले. सरकारी नोकर असल्यामुळे त्यावर नाव नसे. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर अंदाजपत्रकावरच्या भाषणाच्या तयारीत गोखल्यांचा सगळ्यांत मोठा आधार जोशींचाच. भाषण गाजलं तेव्हा गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून कबुली दिली, की यातलं बरंचसं तुमचं आहे आणि सारं श्रेय मी एकट्याने घेतोय याची टोचणी लागते. एवढं मोकळेपणाने लिहिणारे पुढारी मला फार आढळले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणाला दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० वर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया, १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. काँग्रेसची मागणी जुनी होती आणि तिजोरीही भरलेली होती. पण तिजोरी का भरली आहे हे त्या सभागृहात, सरकारच्याच आकड्यांनी, त्यांनी दाखवून दिलं होतं. तेही हाती एक मत नसताना.

प्रत्येक वेळी जिंकले असंही नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विधेयकावर मत देता येत होतं, पण बहुमत नव्हतं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले गेले.

जोशी त्यांच्याआधीच, १९११ मध्ये गेले. बिननावाने छापलेलं त्यांचं लेखन दुसऱ्या वर्षी पुण्यात जाडजूड ग्रंथरूपाने निघालं, आणि तेव्हा कुठे त्यावर त्यांचं नाव लागलं. सोलापूरच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मिठाचं ते उदाहरण फळ्यावर घालाल, तेव्हा मुलांना गोखल्यांच्या जोडीने या मुख्याध्यापकांचंही नाव सांगा.