सुकाणू, तेल आणि चामड्याची वाटी

श्रोतेहो, आपला बीड जिल्हा समुद्रापासून दूर; तरी नावेची गोष्ट आपल्याला परकी नाही. उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी वाहते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाजवळ थोरल्या माधवरावांची निजामाशी लढाई झाली, तेव्हा गोदावरीला पूर होता. निजामअली पैलतीरी पोचला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला आणि मारला गेला. भरल्या नदीपुढे राजाचेही काही चालत नाही.

अशा पाण्यात नावेला तारते ते सुकाणू. लहान होडीचे सुकाणू एका हाताने वळते. पण जहाज वाढले की पाण्याचा रेटाही वाढतो. 'ग्रेट ईस्टर्न' हे प्रचंड इंग्रजी जहाज १८५८ मध्ये पाण्यात उतरले. त्याचे चक्र फिरवायला माणसांची फळीच्या फळी लागे. १८६७ मध्ये त्याला वाफेवर चालणारे सुकाणूयंत्र बसवले. पुढे हेच काम तेलाच्या दाबाने होऊ लागले. आज लहान यांत्रिक होडीतही नावाडी चक्र फिरवतो, तेल नळीतून नळकांड्यात जाते, दट्ट्या सरकतो आणि सुकाणू वळते. आपल्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग याच घरातले.

यामागचे तत्त्व फ्रान्सच्या पास्कालने मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. कोंडलेल्या पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून लहान दट्ट्यावर थोडा जोर लावला की मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ जोर मिळतो. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसाची गाठ दाबताना आपल्याकडे हेच तत्त्व राबले.

पण ब्रामाचे यंत्र एका जागी अडले. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. कडेची भरण घट्ट आवळावी, तर दट्ट्याच हलेना! यातून वाट काढल्याचे श्रेय त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ले याला देतात. त्याने वाटीसारख्या वळणाचे चामड्याचे कडे बसवले. पाण्याचा दाब वाढे तशी वाटीची कड आपोआप दट्ट्याला चिकटे. दाब उतरला की सैल पडे. जे पाणी निसटू पाहत होते, त्याच्याकडूनच त्याने दार लावून घेतले. ज्या चामड्याच्या मोटेने आपल्या वाडवडिलांनी विहिरी उपसल्या, त्याच चामड्याने तिकडे यंत्र तारले. पुढे रबराची कडी आली. नील्स ख्रिस्तेनसेन याला गोल कड्याचे पेटंट १९३९ मध्ये मिळाले.

तरी गळती संपली का? नाही. खाऱ्या पाण्याने दांडा गंजतो, वाळूने ओरखडतो, रबर कडक होते. मग तेल झिरपू लागते. तेल गेले की आत हवा शिरते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून चक्र फिरते, पण सुकाणू मागे राहते. कधी बाहेर थेंबही दिसत नाही. तेल आतल्या आत दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटते आणि नाव हळूहळू वाट सोडते. अशा वेळी नुसते तेल ओतत राहणे हा उपाय नव्हे. दांडा तपासावा, खराब असेल तर बदलावा, नवे कडे बसवावे, स्वच्छ तेल भरावे आणि शेवटी हवा पूर्ण काढावी.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. सुई काढलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या एका नळीने जोडा आणि त्यात पाणी भरा. एक दाबली की दुसरी लगेच सरकते. आता नळीत मोठा बुडबुडा सोडा. दुसरी पिचकारी रेंगाळते. मुले हे विसरणार नाहीत.

आता घरची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात हातपंपाचे मोल फार वाढले. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप गावगाड्याच्या वापरापुढे मोडत. जालना आणि सोलापूर येथे मजबूत पंप घडले, आणि त्याच अनुभवावर १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' पंप तयार झाला. त्याच्या पोटातही चामड्याच्या वाट्याच होत्या. वाटी झिजली की दांडा हापसून हात दुखत, पण पाणी वर येत नसे. ती बदलायला सगळे पाइप उपसावे लागत. तोवर बायाबापड्यांनी घागर घेऊन कोसभर चालायचे! नंतरच्या 'मार्क थ्री'त पाइप न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय झाली, आणि चामड्याच्या जागी रबराची वाटी आली.

म्हणजे होडीचे सुकाणू असो की वेशीवरचा हातपंप, भार असतो तो तळहाताएवढ्या वाटीवर. यंत्र बसवण्याचा समारंभ होतो. वाटी बदलण्याचा होत नाही. गावाने यंत्र घेताना एवढे तीन प्रश्न विचारावेत: त्याची वाटी कुठे मिळते, ती बदलायला कोण शिकला आहे, आणि त्याला बोलवायचे कोणी?