रिंगमार्गावरची जपमाळ

जपमाळ ही मूळची घरातली वस्तू. वसईच्या ख्रिस्ती घरांतून दिवेलागणीनंतर लहानथोर माणसे गुडघे टेकून बसत आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या मागोमाग एकेक मणी सरकवीत; गोव्यात याच प्रार्थनेला 'तेर्स' हे पोर्तुगीज वळणाचे नाव रूढ आहे. परंतु 1896 साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा गिरगाव-वांद्र्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतून जागोजागी क्रूस उभे राहिले, आणि त्यांच्यापुढे, उघड्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संगतीने तीच घरगुती प्रार्थना होऊ लागली. संकट सर्वांच्याच दारी येते तेव्हा प्रार्थनेलाही घर पुरत नाही. या गोष्टीचे याहून कितीतरी विस्तृत उदाहरण महायुद्धानंतरच्या व्हिएन्ना नगरीने घालून दिले आहे.

1945 साली ऑस्ट्रिया हिटलरच्या अंमलातून सुटला खरा. परंतु रशिया, अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या चार जेत्यांनी त्या मुलखाची आपसांत वाटणी करून तेथे आपापल्या फौजा ठेवल्या, आणि राजधानीचेही असेच विभाग पाडले. नागरिकाच्या खिशातले ओळखपत्र चार भाषांत छापलेले असे व त्यावर शिक्क्यांची दाटी असे. एन्स नदीच्या पुलावर रशियन पहारेकऱ्याने ते निरखून पाहिल्याखेरीज आपल्याच देशाच्या पश्चिम भागातून पूर्व भागात पाऊल टाकण्याची सोय नव्हती. झिस्टर्सडोर्फकडच्या तेलाच्या विहिरी रशियनांच्या ताब्यात होत्या. या फौजा हलवून देश मोकळा करण्याच्या तहाच्या वाटाघाटी वर्षामागून वर्षे रेंगाळत होत्या. आणि शेजारच्या हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया या देशांत एकपक्षीय राजवट कशी स्थिरावली, हे व्हिएन्नाकरांना दिसतच होते.

अशा काळात फादर पेट्रुस पाव्लिचेक हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू पुढे आले. 1902 साली इन्सब्रुक येथे जन्मलेले पाव्लिचेक तरुणपणी चर्चपासून दुरावले होते व चित्रकलेत रमले होते. पुढे मन पालटून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, 1941 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि लागलीच जर्मन फौजेत शुश्रूषापथकात त्यांची भरती झाली. युद्धकैदेतून सुटून आल्यावर, 2 फेब्रुवारी 1946 रोजी, मारियात्सेल या ऑस्ट्रियाच्या परमपूज्य तीर्थक्षेत्री ते मारियामातेच्या दर्शनास गेले असता, देशाच्या शांततेसाठी प्रार्थना उभी करावी असा आदेश आपणांस अंतर्यामी मिळाल्याची त्यांची दृढ श्रद्धा झाली. 1947 साली त्यांनी प्रायश्चित्तपर जपमाळेचा संघ स्थापिला. त्याची अट साधी होती : सभासदाने पटावर नाव घालावे आणि नियमाने माळ जपावी. सुमारे सत्तर लाख लोकवस्तीच्या त्या देशात 1955 पर्यंत या पटावर जवळजवळ पाच लाख नावे चढली होती.

1950 पासून दर सप्टेंबरात, मारियेच्या नामोत्सवाच्या सुमारास, हा समुदाय मेणबत्त्या घेऊन व्हिएन्नाच्या रिंगमार्गावरून चालू लागला. दिवस व स्थळ यांची निवड अर्थपूर्ण होती. 1683 साली वजीर कारा मुस्तफाच्या तुर्की फौजेने सुमारे दोन महिने शहराला वेढा घातला होता, आणि 12 सप्टेंबर रोजी पोलंडचा राजा सोबिएस्की याच्या सरदारीखालील सैन्याने तो उठविला. त्या विजयाच्या स्मरणार्थ पोप अकरावे इनोसंट यांनी हा नामोत्सव सकल चर्चसाठी नेमून दिला. त्या वेढ्यास तोंड देणारा तट पुढे एकोणिसाव्या शतकात सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्या आज्ञेने पाडण्यात आला, आणि त्याच्या जागेवर हा प्रशस्त रिंगमार्ग झाला. म्हणजे जेथे पूर्वी भिंत होती तेथूनच आता माणसांची ओळ चालत होती.

जपमाळेची घडणच समुदायास सोयीची. एकूण एकोणसाठ मणी. त्यांत दहा-दहांची पाच दशके. प्रत्येक प्रार्थनेचा पूर्वार्ध पुढच्याने म्हणायचा, उत्तरार्ध सर्वांनी मिळून. यात व्याख्यान नाही, घोषणा नाही, मागण्यांची यादी नाही; त्यामुळे परकीय अंमलदारास आक्षेप घेण्याजोगे काही हाती लागणे कठीण, आणि तरीही हजारोंच्या मुखातून एकाच वेळी उमटणारा तो उत्तरार्ध ऐकून, आपण एकटे नाही, एवढे प्रत्येकास कळत असे. पूर्वी डाखाउच्या छळछावणीत बंदी असलेले चान्सेलर लेओपोल्ड फिगल व त्यांच्यामागून त्या पदी आलेले युलिउस राब हेही हातात माळ घेऊन या ओळीत चालले.

मार्च 1953 मध्ये स्टालिन वारला. एप्रिल 1955 मध्ये राब व फिगल सहकाऱ्यांसह मॉस्कोस जाऊन तटस्थतेच्या हमीवर तडजोड करून आले. आणि 15 मे 1955 रोजी बेल्व्हेडेर प्रासादात तहाच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. त्याच ऑक्टोबरात अखेरचा परकीय शिपाई निघून गेला. हे श्रेय कोणाचे? भाविकांनी ते मारियामातेस दिले. राजनीतीचे अभ्यासक क्रेमलिनमधील सत्तांतराकडे व तटस्थतेच्या सौद्याकडे बोट दाखवितात, आणि तहाची कारणे दप्तरातच शोधावयाची असल्यास त्यांचेच म्हणणे ग्राह्य मानावे लागेल. परंतु दहा वर्षे रखडलेल्या तहाची वाट पाहणारा समाज निराशेने दंग्याकडे वळला नाही किंवा मुकाट्याने खचलाही नाही, याची नोंद दप्तरात सापडावयाची नाही. समाजाच्या या धीरात त्या मेणबत्त्यांचा वाटा मानला नाही, तर हिशेब अपुरा राहील. पाव्लिचेक 1982 साली निवर्तले. फौजा जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी मारियेच्या नामोत्सवाचा मेळावा व्हिएन्नात आजही भरतो.