दुसरी नजर

श्रोतेहो, कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'घरी बांधलेले विमान' हा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत उभी हयात घातलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. त्याने विमानाच्या वाटेला कशाला जावे? शिवाय आमचे शिक्षण ते काय! शाळा दहावीत सुटली. पुढचे सगळे फिटरच्या बाकावर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु या विमानांच्या इतिहासात आम्हांला आमच्याच कारखान्यातली एक जुनी गोष्ट सापडली, आणि तीच सांगावयास आम्ही उभे आहोत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही एकदा चेन-पुलीचा आकडा उतरवून, साफ करून, परत बसवला. काम झकास झाले म्हणून स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात आमचे म्हातारे मिस्त्री आले आणि एकेक नट हाताने चाचपू लागले. आम्हांला राग आला. आम्ही म्हटले, "मिस्त्री, विश्वास नाही का?" ते म्हणाले, "पोरा, तुझ्यावर आहे. कामावर नाही." आणि त्यांनी बोट ठेवले. एका नटाची स्प्लिट पिन घालावयाची राहिली होती. ती पिन आमच्याच खिशात होती.

आपल्या हातची चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आपण केलेले काम पाहताना आपण ते जसे करावयाचे होते तसेच पाहतो. कारखान्यात खालपर्यंत जमीन असते, म्हणून अशी चूक कधीकधी पोटात घातली जाते. विमानाखाली जमीन असते, पण फार दूर असते. म्हणून ही गोष्ट विमानाच्या इतिहासात जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही.

प्रारंभ राइट बंधूंपासून करू. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉक येथे ऑर्व्हिल राइट १२ सेकंद आणि १२० फूट उडाला, हे शाळेतली मुलेही सांगतात. त्याआधीचा महिना मात्र कोणी सांगत नाही. हे दोघे डेटन गावचे सायकलवाले. त्यांचे विमानही एका अर्थाने घरचेच. त्याचे इंजिन त्यांच्या दुकानातला यंत्रकारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. नोव्हेंबरात किटी हॉकला इंजिन चालवून पाहताच पंख्यांचे पोकळ दांडे निकामी झाले. ते दुरुस्तीसाठी टेलरकडे डेटनला धाडले. परत आल्यावर दात्यांची चाके ढिली होऊ लागली, तेव्हा सायकलचे टायर चिकटवावयाचे सिमेंट लावून ती पक्की केली. आणि मग नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा एका दांड्याला चीर दिसली.

हा क्षण ध्यानात घ्यावा. हिवाळा डोक्यावर आलेला. दुसरे लोकही त्याच शर्यतीत धावत होते. चीर बारीक, एखाद्याने म्हटले असते, उडून तर पाहू. ऑर्व्हिलने तसे म्हटले नाही. तो गाडीत बसून डेटनला गेला, भरीव पोलादाचे नवे दांडे करवून घेतले आणि ११ डिसेंबरला परत आला. १४ तारखेचा पहिला प्रयत्न फसला, दोन दिवस दुरुस्तीत गेले आणि १७ तारीख उजाडली. त्या १२ सेकंदांमागे दोन वेळा नाकारलेले दांडे आहेत. भाऊ दोघे होते, हेही महत्त्वाचे. एकाने बांधावे, दुसऱ्याने शंका काढावी, असा त्यांचा संसार होता.

जाता जाता चार्ली टेलरविषयी दोन शब्द. म्हातारपणी, १९५५ साली, हा माणूस लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात धर्मादाय खाटेवर सापडला. विमानधंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला चांगल्या ठिकाणी हलवले. १९५६ साली तो वारला. ज्याच्या हाताने पहिले इंजिन घडले त्याची ही अखेर. आज अमेरिकेत त्याच्या नावाने विमान-कारागिरांना सन्मान दिला जातो. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही हकीकत नवी नाही, म्हणूनच सांगितली.

आता फ्रान्सकडे वळू. आंरी मिन्ये नावाचा एक हौशी गृहस्थ. सामान्य माणसालाही स्वतःचे विमान असावे, या ध्येयाने तो पछाडलेला होता. १९३३ साली त्याने एक इवलेसे विमान उडवले. त्याचे नाव त्याने ठेवले 'पू द्यु सिएल', म्हणजे 'आकाशातली ऊ'. लाकूड, कापड, आणि मोटारसायकलीच्या जातीचे लहानसे इंजिन. १९३४ साली त्याने विमान बांधण्याची सगळी कृती पुस्तकरूपाने छापली. जुजबी सुतारकाम येणाऱ्याने ते वाचावे आणि घरी बांधावे. १९३५ मध्ये पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि इंग्लंडात ज्याच्या त्याच्या पडवीत 'उडती पिसू' आकार घेऊ लागली. कारकून, गॅरेजवाले, सुतार, सगळे या नादाला लागले. आम्हांला हा माणूस आवडतो. विमान ही श्रीमंतांची मिरास नव्हे, असे म्हणण्याची हिंमत त्याच्यात होती.

इंग्लंडच्या सरकारनेही या लोकांची अडवणूक केली नाही. अशा विमानांसाठी एक सोपा परवाना काढला. कारखान्यातल्या विमानाला पूर्ण प्रमाणपत्रासाठी जी कसून परीक्षा द्यावी लागे ती याला लागत नसे. आणि १९३६ साली एकामागून एक प्राणघातक अपघात होऊ लागले. मेलेल्यांत केवळ नवशिके नव्हते. विमानदलातला मुरलेला अधिकारीही होता.

झाले काय होते? या विमानाला एकामागे एक असे दोन पंख होते आणि दोहोंमध्ये चिंचोळी फट. दांडी ओढली की पुढला पंख कलावा आणि नाक वर यावे, अशी योजना. विमानाने नाक फार खाली घातले, की त्या फटीतून वेगाने जाणाऱ्या वाऱ्याने मागला पंख अधिकच उचलला जाई. वैमानिक जीव खाऊन दांडी ओढी. फट आणखी अरुंद होई आणि नाक वर येण्याऐवजी खालीच राही. जो उपाय शिकवला होता तोच घात करी. १९३६ साली फ्रान्समध्ये आणि इंग्लंडात फार्नबरो येथे संपूर्ण विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून परीक्षा झाली, तेव्हा हा दोष उघडा पडला. इंग्लंडात त्या विमानांचे परवाने थांबले आणि सगळी लाट ओसरली.

यातून आम्ही काय शिकलो? त्या सुतारांच्या हातात खोट नव्हती. सांधे घट्ट होते, खिळे जागच्या जागी होते. मिस्त्रींनी चाचपून पाहिले असते तरी त्यांना काही सापडले नसते. दोष नकाशातच होता. म्हणजे नजरा दोन प्रकारच्या लागतात. एक कारागिराची, जी पिन शोधते. दुसरी शास्त्राची, जी वाऱ्याच्या बोगद्यातच उघडते. पहिलीच्या जोरावर दुसरी टाळता येत नाही. आणि सरकारने सोपा कागद दिला म्हणून ऊ सुरक्षित झाली नव्हती, हेही विसरू नये.

श्रोत्यांपैकी कोणाच्या ओठांवर शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आले असेल. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला या चर्चेत हटकून निघतो, त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली काढला. तळपदे यांच्या धडपडीची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु किटी हॉकच्या वाळूत पाच त्रयस्थ माणसे उभी होती, छायाचित्र घेतले गेले, अंतर मोजले गेले. पाहणारा आणि मोजणारा नसला की खरा पराक्रमही कथा होऊन बसतो, आणि कथेलाही पराक्रम म्हणता येते. दोन्हींत नुकसान कष्ट करणाराचेच.

महायुद्धानंतर अमेरिकेत दुसऱ्या टोकाचा प्रश्न होता. घरी बांधलेल्या विमानांना तेथे परवाना मिळणेच दुरापास्त झाले होते. तेव्हा ऑरेगॉन राज्यातला जॉर्ज बोगार्डस हा गृहस्थ १९४७ साली आपल्या 'लिटल जी बी' या छोट्या विमानातून देश ओलांडून थेट राजधानी वॉशिंग्टनला गेला. त्याने अर्ज पाठवला नाही. पुरावाच उडवत नेला. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हौशी बांधणीच्या विमानांना कायमचे नियम मिळाले. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी आणि त्याच्या सोबत्यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली. इंग्लंडात तशी संघटना १९४६ मध्येच उभी राहिली होती.

आम्ही संघटनेची माणसे, आम्हांला येथे ओळखीची खूण पटते. या लोकांनी 'तपासणी नको' अशी मागणी केली नाही. 'तपासणी हवी, पण ज्याला हे काम कळते त्याच्याकडून हवी,' अशी केली. इंग्लंडात संघटनेचे निरीक्षक बांधणी चालू असतानाच येऊन पाहतात. अमेरिकेतल्या संघटनेने अनुभवी सभासदांची सल्लागार म्हणून योजना केली. ते विनामोबदला शेजारच्या गॅरेजात जातात आणि पंखावर आवरण चढण्यापूर्वी आतला सांगाडा पाहतात. घराचा स्लॅब ओतण्याआधी सळया पाहाव्या लागतात, तसेच हे. एकदा झाकले की आत काय आहे ते देव जाणे.

शेवटच्या दिवसांत काय काय करतात तेही थोडक्यात सांगतो. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून विमान तोलतात आणि गुरुत्वमध्य हिशेबाने काढतात. तो मर्यादेबाहेर मागे गेला तर विमान आवरत नाही. नाक वर करून विमान उभे करतात आणि इंजिनापर्यंत इंधन पुरेसे पोहोचते की नाही ते मोजून पाहतात. दांडी डावीकडे नेली की डाव्या पंखाची मागची झडप वर उठली पाहिजे. हे हास्यास्पद वाटेल, पण तारा उलट जोडल्या जाण्याची चूक शहाण्यांकडूनही झालेली आहे. नटांना तार गुंफलेली आहे ना, पिना आहेत ना, हे पाहतात. इंजिन चालवतात, जमिनीवर सावकाश फिरवतात, पुन्हा झाकणे उघडून गळती पाहतात.

मग सरकारी किंवा सरकारने नेमलेला निरीक्षक येतो, कागद आणि विमान दोन्ही पाहतो. अमेरिकेत अशा विमानात 'प्रायोगिक' ही पाटी ठळक अक्षरांत लावावी लागते, म्हणजे बसणाऱ्याला आपण कशात बसतो ते कळावे. पहिले उड्डाण ठरवून दिलेल्या प्रदेशात आणि प्रवाशाशिवाय. चाचणीचा काळ पुष्कळ वर्षे २५ किंवा ४० तासांचा धरत आले. अलीकडे ठरावीक चाचण्यांचा आराखडा पुरा करण्याचीही वाट मोकळी झाली आहे. म्हणजे निरीक्षकाची सही झाली तरी परीक्षा संपत नाही; ती आता हवेत सुरू होते.

आपल्या मुंबईतही हे घडले. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. गच्चीपासून परवानगीपर्यंतचा हा काळ पाहिला, की एक प्रश्न मनात येतो. परवानगीची वाट पाहणे आणि तपासणी होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वाट पाहण्याने विमानाचा एकही नट घट्ट होत नाही. आपल्या देशात बांधणाऱ्याच्या शेजारी बसून सांगाडा पाहणारी जाणकार मंडळी तयार झाली, तर वाट कमी होईल आणि नजर तीक्ष्ण होईल.

अखेरीस पुन्हा कारखान्यात येऊ. त्या पिनेनंतर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या एका कारखान्यात, क्रेनची साखळी तुटून आमच्या एका सोबत्याचा पाय गेला. आम्ही तपासणीची वही मागवली. १९४८ च्या कारखाना कायद्याने उचल-यंत्रांची निदान वर्षातून एकदा जाणकाराकडून कसून तपासणी करून वहीत नोंद ठेवणे बंधनकारक केले होते. वहीत नोंद होती, तारीख होती, सहीही होती. नव्हती ती तपासणी. साखळी पाहणारे कोणी वर चढलेच नव्हते. त्यानंतर आम्ही त्या कारखान्यात एकच मागणी लावून धरली, की तपासणीच्या वेळी त्या यंत्रावर काम करणारा माणूस शेजारी उभा असावा. दीड वर्ष लागले, पण मागणी मान्य झाली. पहिल्याच खेपेला एका क्रेनऑपरेटरने निरीक्षकाला एक कडी दाखवली. तो रोज तिच्याखाली उभा राहत होता; त्याला ठाऊक होते.

सोबती आता गावी असतो. कुबडी घेऊन चालतो. आम्ही गेलो की तो वहीविषयी बोलत नाही, पावसाविषयी बोलतो. त्या सहीच्या जागी कोणाची तरी खरी नजर पडली असती तर तो आज येथे पहिल्या रांगेत स्वतःच्या पायांनी चालत येऊन बसला असता. म्हणून श्रोतेहो, आपल्या कामाकडे कोणी वाकून पाहू लागला तर रागावू नका. आणि आपल्याला कोणी पाहावयास सांगितले, तर पाहिल्यावाचून सही करू नका.